पोहा, पळवा, पळा!

750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं आणि मध्ये विश्रांती शून्य. कॉलेज, लोकल आणि आईचे प्रश्न सांभाळून स्प्रिंट ट्रायथलॉन जमते का? बोरिवलीतल्या एका हौशी स्पर्धक मुलीचा अनुभव.

जेमतेम दोनशे मीटर पोहून झाले असतील आणि माझा श्वासच अडकला. खाली गढूळ हिरवं पाणी. तळाची रेघ नाही, टेकायला भिंत नाही, पुढे कुणाच्या तरी पायांचा फेस. तीन महिने मी कांदिवलीच्या पालिकेच्या तलावात सलग 750 मीटर पोहत होते. पण तलावात ठरावीक अंतरावर भिंत येते आणि तिला पाय लावून आपण नकळत दम घेतो, हे मला त्या धरणाच्या पाण्यात कळलं.

हे खूळ डोक्यात शिरलं सैयामी खेरमुळे. नाशिकची ही अभिनेत्री सप्टेंबर 2024 मध्ये बर्लिनला हाफ आयर्नमॅन पूर्ण करून आली, म्हणजे 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं. ते आकडे वाचूनच मी मोबाइल बाजूला ठेवला. मग शोधताना सापडली स्प्रिंट ट्रायथलॉन. ऑलिम्पिकच्या अंतराच्या बरोब्बर निम्मी. हौशी माणूस ती साधारण दीड-दोन तासांत संपवू शकतो. म्हटलं, तीन तासांचा पिक्चर बघतोच की आपण!

तसा हा खेळ काही जुना नाही. 1974 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला पहिली ट्रायथलॉन झाली. 1978 मध्ये हवाईला पहिली आयर्नमॅन झाली, तेव्हा उतरलेले पंधराही जण पुरुष होते. पुढच्याच वर्षी लिन लेमेअर ही एकटी बाई उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. 2000 मध्ये सिडनी ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हा मुलींची शर्यत आधी झाली आणि मुलांची दुसऱ्या दिवशी. आणि आपल्याकडे? 2025 च्या उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महिलांचं सुवर्ण डॉली पाटीलला मिळालं, रौप्य मानसी मोहितेला. दोघीही महाराष्ट्राच्या.

उपनगरात सराव कसा करायचा?

पोहायला पालिकेचा तलाव. सायकलला नॅशनल पार्क. गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा साधारण सहा किलोमीटरचा रस्ता शेवटी असा चढतो की पिंडऱ्या बोलायला लागतात. पवईला तलाव आहे, पण त्यात मगरी आहेत, त्यामुळे तिथे पोहायचा विचार कुणी करू नये! धावायला लिंक रोड, तोही सकाळी सहाच्या आत. सहानंतर तिथे रिक्षांचीच ट्रायथलॉन सुरू होते.

माझी सायकल मावसभावाची जुनी हायब्रिड. हेल्मेट मात्र नवीन घेतलं, कारण त्याशिवाय शर्यतीत घेतच नाहीत. नियम इतका कडक आहे की हेल्मेटचं बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. पाण्यातून निघून सायकलवर बसणं आणि सायकल ठेवून पळायला लागणं याला ट्रान्झिशन म्हणतात. तेव्हाही घड्याळ चालूच असतं. म्हणून मी घराच्या पॅसेजमध्ये टॉवेल अंथरून ओल्या पायात मोजे घालायची प्रॅक्टिस करायचे. आजीला वाटलं, परीक्षेचं टेन्शन आलंय.

सगळ्यांत भारी प्रकार म्हणजे ब्रिक. सायकलवरून उतरायचं आणि लगेच पळायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा पाय माझे नव्हतेच, कुणीतरी उसने दिल्यासारखे वाटत होते. इतका वेळ गोल फिरणाऱ्या पायांना अचानक अंगाचं वजन पेलायला सांगितलं की ते गोंधळणारच. आठवड्यातून एकदा हे केलं, तर महिन्याभरात ओळख पटते.

खरी अडचण वेगळीच होती. पहाटे पाचला मुलगी एकटी सायकल घेऊन बाहेर पडते, हे आईला पटत नव्हतं. तिचं चुकत होतं असंही नाही. हायवेवर ट्रकवाले मुद्दाम हॉर्न मारत जवळून जातात. भाऊ त्याच वेळी जिमला जायचा, त्याला मात्र कुणी काही विचारत नव्हतं. यावर घरात दोनदा जोरदार भांडण झालं. शेवटी तोडगा असा निघाला की हायवे बंद, फक्त पार्क आणि लाइव्ह लोकेशन चालू. पहिला महिना आई माझ्या ठिपक्याकडे बघत चहा प्यायची.

त्यात शर्यतीच्या आदल्या दिवशी पिरियड्स आले. कोच मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, ‘‘कप वापरतेस ना? मग काय झालं? दुखलं तर हळू जा, फारच दुखलं तर थांब. ठरवणार तू.’’ त्या ‘ठरवणार तू’ने मला फार बरं वाटलं.

पुन्हा त्या पाण्यात

तर श्वास अडकला होता. मी हात वर केला. कयाकवाला दादा शेजारी आला. मला वाटलं, झालं, बाद! तो म्हणाला, ‘‘धरून राहा. मी कयाक हलवणार नाही, तोवर चालतं.’’ खरंच, तसा नियम आहे. थांबलेली बोट किंवा तरंगणारा बोया धरून दम घेता येतो, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. शिवाय फ्रीस्टाइलच मारायला हवी असंही नाही, कुठलाही स्ट्रोक चालतो. मी मिनिटभर धरून राहिले, मोठ्याने श्वास सोडले आणि उरलेलं अंतर निम्मं ब्रेस्टस्ट्रोकने पार केलं.

पाण्याबाहेर आले तेव्हा बायकांच्या गटात मी शेवटची होते. आम्ही होतोच अकरा जणी. सायकलवर दोघींना गाठलं, कान्हेरीच्या चढाची कृपा! धावताना त्यातल्या एकीने मला परत मागे टाकलं. त्या काकू पन्नाशीच्या होत्या. जाताना म्हणाल्या, ‘‘चल गं, पाणी संपलं, आता जमीन आपलीच आहे.’’

एक तास 58 मिनिटं. अकरा जणींत दहावी. आईला फोन केला, तर तिला आधीच माहीत होतं. ठिपका थांबलेला तिने बघितला होता. पण पाण्यात असताना माझा मोबाइल बॅगेत होता आणि ठिपका तासभर जागचा हलला नव्हता, तेव्हा तिचं काय झालं असेल, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, ‘‘पुढच्या वेळी मी येते. काठावर उभी राहीन.’’

पुढच्या वेळी! म्हणजे परवानगी मिळाली. आता आधी एक काम करायचंय. भिंत नसलेल्या पाण्यात पोहायला शिकायचंय. तुमच्यापैकी कुणी येणार असेल तर सांगा. सोबत असली की घरी पटवणंही सोपं जातं.