ताणलेल्या प्लॅस्टिकमधील रेणूंची दिशा

दुधाच्या रिकाम्या पिशवीची अरुंद पट्टी कापून ती सावकाश ओढली असता तुटण्यापूर्वी बरीच लांबते. लांबलेला भाग ओढीच्या दिशेने अधिक बळकट होतो. परंतु त्याच दिशेने तो सहज उभा चिरतोही. एकाच क्रियेतून बळ आणि दुबळेपणा दोन्ही कसे निर्माण होतात, हे समजण्यासाठी रेणूंची मांडणी पाहिली पाहिजे.

पिशवीचे पॉलिएथिलीन हे बहुवारिक होय. त्याचा प्रत्येक रेणू म्हणजे हजारो कार्बन अणूंची लांब साखळी. या साखळ्या मुळात सुताच्या गुंत्यासारख्या असतात. ओढीमुळे त्या एका दिशेस वळतात. साखळीतील अणूंचे बंध दृढ असतात, तर शेजारच्या साखळ्यांमधील आकर्षण क्षीण असते. म्हणून पट्टी लांबीच्या दिशेने टिकते व आडवी ओढताच दुभंगते.

साखळ्या किती प्रमाणात वळल्या, हे शोधण्यासाठी पटलात अत्यल्प प्रमाणात रंगद्रव्य मिसळतात. त्याचे लांबट रेणू साखळ्यांबरोबर वळतात आणि शोषलेला प्रकाश निराळ्या रंगात परत देतात. यास अनुस्फुरण म्हणतात. एकाच दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश रेणूच्या शोषण-अक्षाशी समांतर असेल तर शोषण सर्वाधिक होते. ६० अंशांच्या कोनात ते चतुर्थांश उरते व ९० अंशांत शून्य होते. म्हणून ध्रुवित प्रकाश प्रथम ओढीच्या दिशेने व नंतर आडवा टाकून दोन्ही वेळची चमक ताडून पाहतात. चमक सारखी असल्यास साखळ्या विस्कळीत. फरक जितका मोठा, तितकी रांग सुबक.

सूक्ष्मदर्शकामुळे ही तुलना पटलाच्या निरनिराळ्या बिंदूंवर करता येते. ओरखड्याजवळ किंवा छिद्राच्या कडेला साखळ्यांची दिशा बदललेली असल्यास ती दिसते. चीर बहुधा अशाच ठिकाणी सुरू होत असल्याने वेष्टनाच्या दृष्टीने ही माहिती मोलाची ठरते.

तथापि एक मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. येथे साक्ष रंगद्रव्याची असते, साखळीची नव्हे. पॉलिएथिलीनच्या स्फटिकमय भागात परके रेणू सहसा शिरत नाहीत. त्यामुळे ही साक्ष मुख्यत्वे अस्फटिकी भागापुरतीच असते. स्फटिकांची मांडणी जाणण्यासाठी क्ष-किरणांचे साहाय्य घेता येते. दोन्ही पद्धतींचे निष्कर्ष एकत्र पाहिल्यावरच पटलाच्या बळाचा खरा अंदाज येतो.