भंडाऱ्याचं पातेलं आणि चुलीचा जाळ

पहूरसारख्या खानदेशी गावात भंडाऱ्याला वरण-बट्टी असली की 100 लिटरच्या पातेल्याखाली सरपण बेसुमार जळतं. दोष पातेल्याच्या आकाराला दिला जातो. खरं इंधन खाते ती वाफ. एक लिटर पाणी 25 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला सुमारे 314 किलोज्यूल उष्णता पुरते, पण त्याची वाफ व्हायला आणखी 2,260 लागतात, म्हणजे सातपट. उकळी फुटल्यावर जाळ कितीही वाढवा, उघड्या पातेल्यातलं पाणी त्याहून फारसं तापत नाही आणि डाळही लवकर शिजत नाही; वाढते ती वाफच. म्हणून पातेल्यावर झाकण हवं. झाकण ठेवलं तर वरण उतू जातं, हा आचाऱ्यांचा आक्षेप रास्तच आहे. पण त्यावर लाकडं मागे ओढावीत, झाकण तिरकं ठेवावं. मोठा जाळ हवा तो उकळी येईपर्यंतच, आणि तेव्हाही चुलीला वाऱ्याचा आडोसा हवाच.