ताठरलेला हात मोजायचा कसा?

पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाचा हात पुष्कळदा कोपरात वाकलेला आणि मूठ आवळलेली दिसते. तो हात सरळ करू गेलो तर विरोध होतो. सावकाश नेला तर बराचसा सरळ होतो; झटक्यात नेला तर मध्येच अडतो. वेगाबरोबर वाढणाऱ्या या ताठरपणाला 'स्पास्टिसिटी' म्हणतात.

असं का होतं? स्नायूंमध्ये ताण ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू एकदम ताणला गेला, की ते मज्जारज्जूला कळवतात आणि तिथून 'आकुंचन पाव' असा संदेश उलट येतो. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो तो यामुळेच. एरवी मेंदू या क्रियेला लगाम घालत असतो. पक्षाघातात मेंदूकडून येणारे मार्ग निकामी झाले, तर लगाम सैल पडतो.

मोजण्यासाठी सर्वत्र वापरली जाते ती अ‍ॅशवर्थ यांची १९६४ची श्रेणी. बोहॅनन आणि स्मिथ यांनी १९८७मध्ये ती सुधारली. तपासणारा रुग्णाचा हात हलवून पाहतो आणि जाणवलेल्या विरोधाला ० ते ४पैकी अंक देतो. १ आणि २च्या मध्ये '१+'सुद्धा आहे. हे अंक म्हणजे निबंधाला दिलेले अ, ब, क! ४ म्हणजे २च्या दुप्पट ताठरपणा नव्हे. त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही, तरी ती काढली जातेच.

आमच्या मते खरी अडचण निराळीच आहे. महिनोन्महिने वाकलेल्या हाताचे स्नायू आणि भोवतालच्या ऊती आखडून तोकड्या होतात. त्याही विरोध करतात, पण त्यात मज्जारज्जूचा संबंध नसतो. तपासणाऱ्याच्या हाताला दोन्ही विरोध सारखेच लागतात. उपचार मात्र वेगळे. प्रतिक्षिप्त विरोध बोट्युलिनम विषाच्या अगदी थोड्या मात्रेच्या इंजेक्शनने कमी होतो. आखडलेल्या ऊतींवर त्याचा उपयोग नाही. तिथे ताण देणं, आधारपट्ट्या बांधणं आणि कधी शस्त्रक्रिया. गल्लत झाली तर महागडं इंजेक्शन वाया जातं आणि हात तसाच राहतो.

फ्रेंच डॉक्टर तार्द्यू यांच्या पद्धतीत हात दोनदा नेतात: एकदा शक्य तितका सावकाश, मग शक्य तितका जलद. दोन्ही वेळा कोन मोजतात. त्याला साधा कोनमापक पुरतो. पूर्ण सरळ हात १८० अंशांचा धरू. समजा, सावकाश नेताना कोपर १६० अंशांपर्यंत उघडलं आणि झटक्यात नेताना ९० अंशांवर अडलं. मधले ७० अंश प्रतिक्षिप्त क्रियेने अडवलेले. उरलेले २० मुख्यतः आखडलेल्या ऊतींचे. दोन्ही वेळा हात १०० अंशांवरच अडला असता, तर इंजेक्शनचा आग्रह धरण्यात अर्थ नव्हता.

अर्थात, प्रत्येक तपासणाऱ्याचं 'झटक्यात' सारखं नसतं. म्हणून प्रयोगशाळेत मोटर ठरावीक वेगाने हात हलवते आणि त्वचेवर चिकटवलेले इलेक्ट्रोड स्नायूंतले विद्युतसंदेश टिपतात. आलेख सपाट असूनही हात अडला, तर तो विरोध ऊतींचा.