एम्. पी. टी. आचार्य व 'अराजक' शब्दाचा अर्थ

इंग्रजी अंमलांतील इ. स. १९०७ नंतरचीं सरकारी कागदपत्रें चाळणाऱ्यास 'अनार्किस्ट' म्हणजे अराजक हा शब्द पदोपदीं आढळतो. बाँब करणारा, गुप्त मंडळीचा सभासद, क्वचित् नुसता जहाल लेखक, या सर्वांस तो सरसहा लावलेला असे. रौलट कायदा या नांवानें प्रसिद्ध असलेल्या इ. स. १९१९ च्या कायद्याच्या मूळ नांवांतहि तो आहे. वस्तुतः या क्रांतिकारकांपैकीं बहुतेकांस स्वतःचें राज्य हवें होतें. राज्यसंस्थाच नको म्हणणारा तो खरा अराजकवादी. प्रथम चुकीच्या व पुढें खऱ्या अर्थानें हें विशेषण ज्यांस लागूं पडलें, त्या आचार्यांचा परिचय येथें करून द्यावयाचा आहे.

२. आचार्यांचा जन्म इ. स. १८८७ मध्यें मद्रासेस झाला. सुब्रह्मण्य भारतींच्या 'इंडिया' या तमिळ पत्राशीं त्यांचा निकट संबंध होता. इ. स. १९०८ मध्यें ते यूरोपांत गेले व लंडनच्या 'इंडिया हाऊस'मध्यें सावरकरांच्या मंडळींत मिसळले. युद्धाचा अनुभव मिळावा म्हणून मोरोक्कोंत स्पॅनिश फौजेशीं लढणाऱ्या रीफ लोकांस मिळण्याचा त्यांचा १९०९ मधील प्रयत्न फसला. पुढें बर्लिन, कॉन्स्टँटिनोपल, न्यूयॉर्क असा प्रवास झाला. ऑक्टोबर १९२० मध्यें ताश्कंद येथें निघालेल्या हिंदी कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांत ते होते. परंतु मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशीं बिनसल्यामुळें ते त्यांतून बाहेर पडले. इ. स. १९२२ च्या अखेरीस बर्लिनला परतल्यावर त्यांनीं अराजकवाद पत्करला. इ. स. १९३५ मध्यें ते मुंबईस आले. त्यांची रशियन चित्रकार पत्नी माग्दा नाखमान १९५१ मध्यें वारली. ते स्वतः २० मार्च १९५४ रोजीं विपन्नावस्थेंत निवर्तले.

३. राज्य म्हणजे संघटित हिंसा, हें त्यांच्या मतांचें मूळ होय. म्हणून गांधींची अहिंसा त्यांस जवळची वाटे. मात्र अहिंसा मानणाऱ्यानें सरकार चालविणें त्यांस विसंगत वाटे. बोल्शेविक राज्य त्यांस धनिकांच्या राज्याइतकेंच जाचक भासलें. न्यूयॉर्कच्या 'रोड टु फ्रीडम' या पत्रांत ते लिहीत; तथापि अमेरिकेंतील व्यक्तिवादी अराजकवाद्यांहून त्यांचा मार्ग वेगळा होता. त्या पंथाचे अग्रणी बेंजामिन टकर (१८५४-१९३९) राज्य नाकारीत, पण खुला विनिमय व स्वतंत्र पेढ्यांचें चलन त्यांस मान्य होतें. आचार्यांस मजुरी, किंमत व पैसाहि नको होता. गांवोगांवच्या स्वायत्त समूहांनीं उपयोगापुरतें उत्पादन करावें, असें ते म्हणत.

आपल्या वाङ्मयास ही कल्पना अगदींच परकी नाहीं. प्रथम राजा व दंड नसतांहि लोक धर्मबळानें एकमेकांस सांभाळीत, पुढें मोह शिरल्यामुळें राजसंस्था आली, असें भीष्म शांतिपर्वांत सांगतात. त्याच पर्वांत राजाविना बलिष्ठ दुर्बलांस गिळतात असेंहि आहे. आचार्यांनीं पहिली बाजू घेतली, सरकारी दप्तरानें दुसरी.

४. राज्य नाकारणाऱ्या या पुरुषाच्या हालचालींची नोंद मुख्यतः राज्याच्याच हेरांनीं, लंडनच्या इंडिया ऑफिस दप्तरांत, राखली हा दैवदुर्विलास होय. त्यांचीं पत्रें अॅम्स्टरडॅमच्या सामाजिक इतिहास संस्थेंत आहेत. निवडक लेखांचा इंग्रजी संग्रह २०१९ मध्यें निघाला. आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें साधन म्हणजे पुण्याच्या 'मराठा' पत्रांत १९३७ मध्यें क्रमशः आलेल्या त्यांच्या आठवणी.

दौलताबादी हातकागदावरील पोथी शतकें टिकते. लाकडाच्या लगद्याचा वृत्तपत्री कागद मात्र पन्नास-साठ वर्षांत पिवळा पडून तुटूं लागतो. हिंगोली, बसमत, कळमनुरीकडील संग्राहकांनीं पोथ्यांचे रुमाल सोडतांना खालचे वृत्तपत्रांचे गठ्ठे रद्दींत घालूं नयेत. आणि जुन्या कागदांत 'अराजक' शब्द आला, कीं तो कोणीं, कोणाविषयीं व कोणत्या सालीं लिहिला हें पाहूनच त्याचा अर्थ करावा.