सेंजी : वर्गीकरण, प्रसार आणि ओळख

रब्बी हंगामात गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या शेतात, पाटाच्या कडेला आणि ओलसर बांधावर बारीक पिवळ्या फुलांची, मेथीसारख्या पानांची एक वनस्पती आढळते. हिंदी भाषकांत ती ‘सेंजी’ किंवा ‘बनमेथी’ या नावाने आणि मराठीत ‘रानमेथी’ या नावाने ओळखली जाते. मात्र ‘रानमेथी’ हे नाव गावोगावी निरनिराळ्या वनस्पतींना दिले जात असल्याने केवळ नावावरून तिची खात्री पटत नाही. ही वनस्पती एका शेतकऱ्याच्या दृष्टीने तण, दुसऱ्याच्या दृष्टीने वैरण असते. आणि निष्काळजीपणे साठविल्यास हीच वैरण जनावरांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून तिची अचूक ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

वर्गीकरण

सेंजीचे शास्त्रीय नाव मेलिलोटस इंडिकस असे आहे. तिचा समावेश शिंबावंत (लेग्युमिनोजी) कुलातील पलाश उपकुलात होतो. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1753 साली तिचे वर्णन केले, तेव्हा तिला ट्रायफोलियम म्हणजे क्लोव्हरच्या प्रजातीत घातले होते. ट्रायफोलियम या शब्दाचा अर्थच ‘तीन पाने’ असा आहे. पुढे 1785 साली अल्लिओनी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला मेलिलोटस या निराळ्या प्रजातीत स्थान दिले व तेच आज मान्य आहे. मेलिलोटस या नावात मधाचा वाचक ग्रीक शब्द आहे. या प्रजातीच्या फुलांवर मधमाश्या मोठ्या संख्येने येतात. इंग्रजीत या वनस्पतींना ‘स्वीट क्लोव्हर’ म्हणतात, तरी काटेकोर अर्थाने त्या क्लोव्हर नव्हेत. क्लोव्हर, मेथी, लसूणघास व सेंजी ही एकाच गणातील भावंडे आहेत, इतकेच.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. शिंबावंत वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात. सेंजी, मेथी आणि लसूणघास यांच्या मुळांवर एकाच जातीचे जिवाणू गाठी तयार करतात. बरसीम व इतर क्लोव्हर यांचे जिवाणू निराळे असतात. म्हणून सेंजीच्या बियाण्यास बरसीमचे जिवाणू संवर्धन चोळून उपयोग होत नाही. लसूणघासाचे संवर्धन मात्र चालते.

प्रसार

भूमध्य समुद्राभोवतालचे देश, उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियापासून भारतापर्यंतचा प्रदेश हे सेंजीचे मूळ क्षेत्र होय. मनुष्याच्या धान्याबरोबर व बियाण्याबरोबर ती अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या खंडांतही पोचली व तेथे स्थिरावली. भारतात पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गुजरात येथील ओलिताच्या शेतांत ती विशेष दिसते. हिवाळ्यातील थंड हवा व जमिनीतील ओल तिला मानवते. किंचित खारट जमिनीतही ती तग धरते.

स्वरूप

सेंजी ही वर्षायू, सरळ किंवा तिरपी वाढणारी ओषधी आहे. तिची उंची सामान्यतः एक वीत ते दोन हात असते. पान संयुक्त असून त्यास तीन दले असतात. दले तळाशी निमुळती व टोकाकडे रुंद असून त्यांच्या कडा वरच्या भागात बारीक दातेरी असतात. फुले पिवळी, पतंगरूप आणि अवघी 2 ते 3 मिलिमीटर लांब असतात. ती पानांच्या बगलेतून निघणाऱ्या बारीक, दाट मंजरीवर येतात. फळे धरू लागली की मंजरी लांबत जाते. शेंग जवळजवळ गोल, जाळीदार रेषांची, 2 ते 3 मिलिमीटरची असून तिच्यात बहुधा एकच बी असते. वनस्पती वाळू लागली की तिला गोडसर सुवास येतो. तो कुमारिन या द्रव्यामुळे होय.

ओळखीच्या खुणा

तीन दलांच्या वनस्पतींची गल्लत टाळण्यासाठी पुढील खुणा पाहाव्यात.

बरसीम : तिन्ही दले देठाच्या एकाच बिंदूतून निघतात. फुले पांढुरकी असून गेंदेदार झुबक्यात येतात. सेंजीचे मधले दल मात्र स्वतःच्या लहान देठावर, इतर दोहोंपासून थोडे पुढे असते.

मेथी : फुले पानाच्या बगलेत एक-दोनच येतात व शेंग लांब, टोकदार असते.

लसूणघास : फुले जांभळी व शेंग मळसूत्रासारखी वळलेली असते. याच प्रजातीतील एका रानटी जातीची फुले पिवळी असतात, पण तिच्या वळलेल्या शेंगेवर काटे असतात.

पांढरी सेंजी : ही मेलिलोटसचीच दुसरी जाती असून अधिक उंच वाढते व तिची फुले पांढरी असतात.

आंबुटी : दले हृदयाकृती व चवीला आंबट असतात. ही शिंबावंत कुलातील नाही.

उपयोग आणि सावधगिरी

कोवळी सेंजी हिरवी वैरण म्हणून जनावरांना घालतात. बेवड म्हणूनही ती जमिनीस उपकारक ठरते. मात्र गव्हाच्या पिकात ती तणच होय. तिचे बी गव्हात मिसळून दळले गेल्यास पिठाला वास लागतो. ती भरपूर खाणाऱ्या दुभत्या जनावराच्या दुधासही तसाच वास येतो. बियांचे कवच कठीण असल्याने त्या जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतात. म्हणून शेंगा धरण्यापूर्वीच खुरपणी करावी व पेरणीसाठी चाळलेले, स्वच्छ बियाणे वापरावे.

सर्वांत मोठी दक्षता साठवणीची आहे. 1920 नंतरच्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी आलेले स्वीट क्लोव्हरचे वाळलेले गवत खाऊन अनेक गुरे दगावली. शिंगे काढणे, खच्ची करणे यांसारख्या लहानशा जखमांनंतरही त्यांचे रक्त थांबत नसे. ओलसर राहिलेल्या गंजीत बुरशी वाढली की वनस्पतीतील कुमारिनपासून डायकुमारोल हे द्रव्य तयार होते व ते रक्त गोठण्याची क्रिया रोखते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत 1939 साली हे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळाले. पुढे त्यावरूनच वॉरफरिन तयार झाले. ते आरंभी उंदरांचे विष म्हणून व नंतर रक्तातील गुठळ्यांवरील औषध म्हणून वापरात आले.

ती गुरे दगावली ती पांढऱ्या व मोठ्या पिवळ्या जातींच्या वैरणीने. परंतु कुमारिन आपल्याकडील सेंजीतही असल्याने तीच खबरदारी घेणे योग्य होय. सेंजी शक्यतो हिरवीच व इतर वैरणीत मिसळून द्यावी. वाळवायची झाल्यास पूर्ण वाळल्यावाचून गंजी रचू नये. काळी पडलेली किंवा कुबट वासाची वैरण गव्हाणीत टाकू नये. अशी वैरण खाल्लेल्या जनावराच्या कातडीखाली सूज आली, नाकातून रक्त आले किंवा जखम वाहतच राहिली, तर ती वैरण तत्काळ बंद करून पशुवैद्यकास बोलवावे. के जीवनसत्त्वाची अंतःक्षेपणे वेळेवर मिळाल्यास जनावर वाचू शकते. खच्चीकरणापूर्वी काही आठवडे सेंजीची वाळलेली वैरण देऊ नये.

शाळांतील शिक्षकांनी माघ-फाल्गुनात विद्यार्थ्यांकडून या तीन दलांच्या वनस्पतींचे फुला-शेंगांसह नमुने गोळा करवून ते कागदात दाबून वाळवावेत. एकाच पानावर सेंजी, मेथी व बरसीम शेजारी शेजारी चिकटविल्यास मधल्या दलाचा देठ आणि शेंगेचा आकार मुलांच्या कायम लक्षात राहील, व त्यांच्यामार्फत ही माहिती घरच्या गोठ्यापर्यंत पोचेल.