फाटक्या आवाजाचे शिंपी

आवाज पूर्ण चढवला की तो फाटतो, हे व्हॉल्व्हचा रेडिओ ऐकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. हा फाटलेला आवाज शिवायला बसलेल्या माणसांचे किस्से मला भलतेच आवडतात.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन-संशोधन संस्थेचा हॅरॉल्ड ब्लॅक २९ वर्षांचा होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोनवर बोलणं एका ॲम्प्लिफायरमधून दुसऱ्यात जाता जाता फाटत जायचं, आणि या कोड्याने त्याला कैक वर्षं छळलं होतं. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी कामावर जाताना, हडसन नदीवरच्या फेरीबोटीत, त्याला उत्तर सुचलं. बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा हिस्सा उलटा करून परत आत सोडायचा, म्हणजे ॲम्प्लिफायरने पदरची घातलेली भेसळ बरीचशी खोडली जाते. कागद कुठला? हातातला न्यूयॉर्क टाइम्स! त्याच्याच पानावर आकृती काढून त्याने सही ठोकली. पण या युक्तीत आवाज आधी वाढवायचा आणि मग कमी करायचा. हे न पटून ब्रिटिश पेटंट कार्यालयाने त्याचा अर्ज चक्क न थांबता चालणाऱ्या यंत्रांच्या दाव्यांसारखा हाताळला. अमेरिकेतलं पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

युक्ती मात्र टिकली. इंग्लंडच्या हॅरॉल्ड लीकने १९४५ मध्ये आवाजातला दोष ०.१ टक्क्यावर आणला आणि ॲम्प्लिफायरचं नावच ठेवलं 'पॉइंट वन'.

दोन वर्षांनी डी. टी. एन. विल्यमसन या २४ वर्षांच्या तरुणाने हीच युक्ती आणि केटी६६ व्हॉल्व्ह वापरून रचलेल्या १५ वॉटच्या ॲम्प्लिफायरची सगळी कृती 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापून टाकली. पाककृती वाचून पदार्थ करावा तसा जगभरच्या हौशी मंडळींनी तो घरोघरी बनवला. पुढे हाच माणूस सिगारेटची यंत्रं बनवणाऱ्या मोलिन्स कंपनीत गेला आणि रात्रंदिवस आपोआप चालेल अशा कारखान्याची आखणी करू लागला!

याच काळात तिकडे कॅलिफोर्नियात लिओ फेंडर गिटारचे ॲम्प्लिफायर बनवत होता. मूळचा हिशेबनीस, मग रेडिओदुरुस्तीचं दुकान. गिटार त्याला वाजवता येत नसे.

लंडनचा जिम मार्शल तर ड्रम शिकवणारा. त्याच्या दुकानात येणाऱ्या गिटारवाल्यांना फेंडर हवा असे, पण आयात केलेला माल महाग. मग १९६२ मध्ये दुरुस्ती करणारा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन हा १८ वर्षांचा पोरगा यांना हाताशी धरून त्याने फेंडरच्या 'बेसमन'वरून स्वतःचा ॲम्प्लिफायर काढला. 'द हू' या रॉक बँडच्या पीट टाउनशेंडने आठ स्पीकरांचं एकच खोकं मागितलं. ते उचलणाऱ्यांची कंबर मोडायला लागली, तेव्हा त्याचे दोन तुकडे करून एकावर एक रचले.

मार्शलच्या त्या पहिल्या मॉडेलात लवकरच केटी६६ व्हॉल्व्ह बसले, विल्यमसनने वापरलेलेच. १९६६ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने ब्लूज गायक जॉन मेयॉलच्या अल्बमसाठी तो मार्शल मुद्दाम इतका चढवला, की आवाज फाटलाच पाहिजे.