चौकट : पिरनवाडीहून पुढे

बेळगाव-खानापूर रस्त्यावर उद्यमबाग मागे पडली की पिरनवाडी, पुढे मच्छे. तिथंच १९९८ साली सुरू झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय. इंजिनिअरिंगच्या या वाटेवर फिजिक्स-मॅथ्स घेऊन बी.एस्सी. झालेल्याला हमखास विचारतात, ‘मग आता बी.एड. काय?’

तसंच काही नाही. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी फेब्रुवारीत जॅम परीक्षा असते. सत्रं वेगळी असली तर दोन पेपर देता येतात. शेजारच्या धारवाडला २०१६ पासून आयआयटी आहे. खगोलशास्त्राची ओढ असेल तर पुण्याची आयुका, महासंगणकाची असेल तर बेंगळुरूच्या आयआयएस्सीत ३.३ पेटाफ्लॉपचा ‘परम प्रवेग’.

अशा ठिकाणच्या अर्जात नुसतं ‘पायथन येतं’ लिहून भागत नाही. साध्या लॅपटॉपवर पृथ्वीची कक्षा काढून बघा. ऑयलरच्या सोप्या पद्धतीनं गेलात तर पृथ्वी दर फेरीला सूर्यापासून जरा लांब सरकते. चूक न्यूटनची नव्हे, आपल्या रीतीची. गणितातलं वेळेचं पाऊल लहान केलं की चूक घटते, पण राहते. लीपफ्रॉग पद्धत वापरली की ऊर्जा बरीचशी जागेवर राहते, कक्षाही टिकते. हा फरक आलेखासह दोन पानांत मांडलेला असेल, तर मुलाखतीत बोलायला काहीतरी हाताशी असतं. माझ्या मते दहा सर्टिफिकेटांपेक्षा ही दोन पानं भारी.